पुलाशी संबंध नाही

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावत होतो. म्हणाल्या, "काका, तुम्ही आयुष्यभर पूल तपासलेत. काहीतरी हलकंफुलकं लिहा ना आपल्या दिवाळी अंकासाठी. एखादी भुताच्या पुलाची गोष्ट वगैरे." आमच्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळाचा अंक काही पुण्यामुंबईच्या अंकांसारखा जाडजूड नसतो. चाळीस पानं, त्यातली दहा मुलांच्या चित्रांची. तरीही मी हो म्हणालो. भूत मला एकच माहीत आहे. ते हलकंफुलकं नाही, हे मी त्यांना फोनवर सांगितलं नाही.

पूल तपासणारा माणूस काय करतो, हे मला आजवर शेकडो लोकांनी विचारलं आहे. आमच्या हॉर्नबी उपनगरातल्या घरी जेवायला आलेले आयटीवाले तर हमखास विचारतात. त्यांना वाटतं, मोठमोठी यंत्रं असतील, पडद्यावर रंगीत आकृत्या दिसत असतील. माझं खरं हत्यार म्हणजे अर्धा किलोची हातोडी. गमबूट घालून पुलाखाली उतरायचं आणि काँक्रीट ठोकत जायचं. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत सुटलेलं आहे. खडूने गोल करायचा, फोटो काढायचा, वहीत लिहायचं. मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने मला तीच हातोडी फ्रेममध्ये बसवून दिली. बायको म्हणाली, आता भिंतीला खिळा कशाने ठोकायचा?

या कामात माणसंही नमुनेदार भेटतात. एका शेतकऱ्याने पुलाच्या कमानीखाली गवताचे गठ्ठे, एक फुटकी होडी आणि मोडका ट्रॅक्टर रचून ठेवला होता. मी म्हटलं, हे हलवावं लागेल. तो शांतपणे म्हणाला, "पूल हलवा. ट्रॅक्टर आधीपासून आहे." दुसरी एक बाई, दर वेळी नॉर्वेस्टर सुटला, म्हणजे इथला तो डोंगरावरून येणारा गरम वारा, की ऑफिसात फोन करायची आणि पूल गातो अशी तक्रार करायची. सगळे हसायचे. शेवटी मी गेलो. कठड्याच्या एका पाइपचं टोपण उडालं होतं आणि वारा त्यातून बासरीसारखा घुमत होता. आत पाइप गंजून कागदासारखा पातळ झाला होता. म्हणजे बाई बरोबर होत्या आणि आम्ही सगळे शहाणे मूर्ख होतो. पाइप बदलला. महिन्याने त्यांचं पत्र आलं, आता फार शांत वाटतं.

ही गोष्ट मी पुढे नव्या इंजिनिअरांना सांगत असे. पुलाशेजारी राहणाऱ्या माणसाचं ऐका, असं तात्पर्यही जोडत असे. हे मुद्दाम इथे लिहून ठेवतो, कारण ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला राहू नये.

आता एक गोष्ट समजून घ्या. ओझ्याने पूल पडतात असं लोकांना वाटतं. बहुतेक पूल पाण्याने पडतात, आणि तेही वरून नाही, खालून. पूर आला की पाणी पायाखालचे गोटे आणि वाळू उकरून नेतं. आम्ही त्याला स्कावर म्हणतो. पूर ओसरला की गाळ परत भरतो आणि वरून सगळं जसंच्या तसं दिसतं. हातोडी तिथे काही सांगत नाही.

इथून दीडेक तासावर, समुद्रात घुसलेल्या डोंगरांमध्ये, फ्रेंच लोकांची जुनी वस्ती आहे. तिथल्या एका आडबाजूच्या ओढ्यावर एका फ्रेंच इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात बांधलेला दगडी पूल होता. एकच कमान, एकाच गाडीपुरता रस्ता. पलीकडे एकच शेत, कॉलिन आणि मार्गरेट या जोडप्याचं. आडनाव लिहीत नाही. कॉलिनच्या पणजोबांपासून ती जमीन त्यांच्याकडे होती.

मी तो पूल पहिल्यांदा पाहिला आणि अक्षरशः प्रेमात पडलो. दगड असे घडवलेले की सांध्यात सुरी जाणार नाही. अडचण एकच होती. पाया किती खोल आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि रिपोर्टमध्ये तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. गावातल्या जुन्या शाळेत एक छोटंसं संग्रहालय आहे. तिथल्या आजीबाईंनी कपाटातून एक कातडी बांधणीची वही काढली. त्या इंजिनिअरची स्वतःची. सगळी फ्रेंचमध्ये. मी पानापानाचे फोटो काढून आणले.

इथे माझी बायको शुभदा येते. ती फार्मसिस्ट, पण पुण्यात अकरावी-बारावीला तिने फ्रेंच घेतलं होतं. भाषेच्या प्रेमाने नव्हे, मार्क मिळतात म्हणून. आमच्या पिढीच्या अर्ध्या पुण्याने याच कारणासाठी फ्रेंच घेतलं आणि ते टक्केवारीच्या पलीकडे कधी वापरलं नाही. शुभदाने डिक्शनरी काढली, चष्मा लावला आणि जेवणाच्या टेबलावर बसून ती वही वाचायला लागली. त्या माणसाला ती मुस्यो, म्हणजे फ्रेंचमध्ये साहेब, म्हणायची. "तुझ्या मुस्योचं अक्षर आमच्या डॉक्टरांपेक्षा वाईट आहे," असं म्हणत म्हणत तिने दोन रविवारांत पायाचं पान शोधून काढलं. मापं होती, आकृती होती. पाया चांगला खोल होता. मी खुश झालो.

शुभदा म्हणाली, "अजून वीसेक पानं आहेत. यात तो कुणा बाईबद्दल लिहितोय. परत परत तिचं नाव येतंय."

मी म्हणालो, "त्याच्या भानगडी आपल्याला काय करायच्यात? पाया मिळाला ना, बास."

तिने वही मिटली. म्हणजे फोटोंची फाइल बंद केली. माझं चुकलं ते इथे. त्या वेळी मात्र मला ते विनोदी वाटलं होतं, आणि हे वाक्य मी ऑफिसात इंग्रजीत करून सांगितलंही होतं.

त्याच कामाबरोबर एक छोटा प्रश्न आला होता. पुलाच्या खालच्या अंगाला, पाणी वाहत जातं त्या दिशेला पन्नासेक पावलांवर, ओढ्यात आडवी दगडांची एक रांग होती. गुडघाभर उंच, शेवाळलेली, मधेमधे ढासळलेली. तिच्यामुळे ईल, म्हणजे वाम, आणि इथले छोटे मासे वर चढू शकत नाहीत म्हणून ती काढायचं ठरत होतं. काम चांगलं होतं, मी आजही त्याच्या विरोधात नाही. मला फक्त विचारलं होतं की या रांगेचा पुलाशी काही संबंध आहे का.

मी ओढ्यात उभा राहून ती रांग बघत होतो तेव्हा कॉलिन कुंपणाच्या फाटकावर कोपर टेकून माझ्याकडे पाहत होता. सत्तरीचा, लांबट, हसला की एक दात नसलेला दिसायचा. पावसाळी गारठ्यातही अर्ध्या चड्डीत.

"फ्रेंचमनचे दगड आहेत ते," तो म्हणाला. "आजोबा सांगायचे, काय वाटेल ते करा, पण फ्रेंचमनचे दगड हलवू नका."

"का?" मी विचारलं.

"ते नाही सांगितलं कधी. हलवू नका एवढंच."

माझ्या हातात वही होती. मी मान डोलावली, "गुड टू नो, कॉलिन," असं म्हटलं आणि दगडांची उंची लिहून घेतली. त्याचं म्हणणं लिहिलं नाही. आजोबा सांगायचे, हे रिपोर्टात कसं घालणार? ऑफिसात बसून मी त्या प्रश्नापुढे तीन शब्द टाइप केले. त्यांचं मराठी होतं, पुलाशी संबंध नाही. खाली सही केली.

उन्हाळ्यात दगड निघाले. मासे वर गेले, फोटो आले, सगळ्यांना आनंद झाला.

त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात दोन दिवस सलग पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता, पण ओढा भरून चालला होता. अलीकडच्या काठावर कॉलिनच्या मेंढ्या अडकल्या होत्या. त्यांना वर हलवायला तो क्वाड बाइकवरून, म्हणजे शेतातल्या चारचाकी फटफटीवरून, पूल ओलांडायला निघाला. मार्गरेट खिडकीतून बघत होती. तिने नंतर पोलिसांना सांगितलं की आवाज वगैरे काही झाला नाही. पूल एका बाजूने खाली बसला, जसं दमलेलं माणूस बसतं, आणि कॉलिन दिसेनासा झाला. दुपारी तो खाली विलोच्या झाडांत सापडला.

मला पाणी उतरल्यावर, दोन दिवसांनी पाठवलं. मी गमबूट घालून खाली उतरलो आणि वर पाहिलं. मुस्योचा घडवलेला पाया अखंडच्या अखंड एका बाजूला कलला होता, एक सांधासुद्धा सुटला नव्हता. फक्त त्याच्याखाली जमीन नव्हती. ओढ्याचा तळ माझ्या उंचीपेक्षा जास्त खाली गेला होता. मी वळून खालच्या अंगाला पाहिलं, जिथे दगडांची रांग होती तिथे. त्या क्षणी मला सगळं कळलं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गुडघाभर उंचीच्या त्या रांगेने शंभराहून जास्त वर्षं पुलाखालचे गोटे अडवून धरले होते. ती काढली आणि दर पावसाने तळ थोडा थोडा खाली सरकत गेला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात असतं हे. मी टेप तिथेच टाकून काठावर चढलो. शेजारच्या सहकाऱ्याला वाटलं, मेलेल्या मेंढ्यांच्या वासाने.

चौकशी झाली. पाऊस असाधारण होता. पायाची खोली पुरेशी होती. रांग काढण्याचा निर्णय तीन ऑफिसांतून गेला होता आणि प्रत्येकाने सही केली होती. कुणावरही ठपका नाही. ऑफिसातला एकजण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यू आर ऑल क्लिअर, मेट. स्वीट अ‍ॅज." स्वीट अ‍ॅज म्हणजे इथल्या बोलीत सगळं झकास. त्याचा हेतू चांगला होता. मी घरी येऊन न जेवता झोपलो.

शुभदाने मला काही विचारलं नाही. तिने पुन्हा चष्मा लावला आणि वहीची उरलेली पानं काढली. चार रविवार लागले. मग एका दुपारी तिने मला समोर बसवलं आणि वाचून दाखवलं.

मुस्योने फ्रान्समध्ये मोठमोठे पूल बांधले होते. एका नदीवरच्या पुलाचा खांब वसंतातल्या पुरात गेला. खाली काठावर एक धोबीण कपडे धूत होती, ती त्यात गेली. ओनोरीन तिचं नाव. शुभदाने ज्या बाईचा उल्लेख केला होता ती ही. चौकशी बसली. नकाशे बरोबर होते, पाणी असाधारण होतं, मुस्यो निर्दोष सुटला. वर्षभरात त्याने नोकरी सोडली, बोट पकडली आणि पृथ्वीच्या या टोकाला आला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. इथे रस्त्यांची आखणी केली, चर खणले, गावातल्या मुलांना गणित शिकवलं. लग्न केलं नाही. पूल बांधायला नकार देत राहिला. फक्त हा एक बांधला. रस्तेबोर्डाला खालच्या दगडांच्या रांगेची गरज पटली नाही, तेव्हा त्याने ती दोन उन्हाळे खपून आपल्या हाताने लावली.

त्याबद्दल त्याने लिहिलं होतं, आणि शुभदाने ते सावकाश, शब्द जुळवत मराठीत सांगितलं: "पूल वरच्या दगडांवर उभा नाही. तो या रांगेवर उभा आहे. जो कुणी ती हलवील त्याने आधी पूल उतरवून ठेवावा."

पुढची पानं म्हणजे नुसती नोंद. वर्षातून एकदा, त्याच तारखेला, त्याने कमानीखाली ओढ्याचा तळ मोजला होता. आकडा, आणि आकड्याखाली ओनोरीन. एकोणीस वर्षं. शेवटच्या दोन नोंदींत अक्षर थरथरत होतं. शेवटचा आकडा आणि पहिला आकडा सारखाच होता. तळ बोटभरही हलला नव्हता.

"आणि तू त्याला भानगड म्हणालास," शुभदा म्हणाली. रागाने नाही. मला वाटतं, रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी दर वर्षी मार्गरेटकडे जायला लागलो. का जातो हे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. कुंपणाचं दार दुरुस्त करून दिलं, नव्या काँक्रीटच्या पुलाचे कागद समजावून सांगितले. दर वेळी ती चहा द्यायची, स्कोन नावाचे गोडसर पाव द्यायची, आणि निघताना घरच्या प्लमच्या जॅमची एक बरणी हातात ठेवायची. "तू येतोस ते कॉलिनला आवडलं असतं," म्हणायची. मी थँक यू म्हणून गाडीत बसायचो. तो जॅम आमच्या घरात कुणी उघडला नाही. गराजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी बरण्या ओळीने उभ्या राहिल्या. सात झाल्या.

"सांगून टाक तिला," शुभदा दर वर्षी म्हणायची.

"काय फरक पडणार आहे? उगाच तिची जखम उकरायची," मी दर वर्षी म्हणायचो. हे बोलताना माझा आवाज इतका समजूतदार निघायचा की मलाच पटायचं.

आणि मग संपादकबाईंचा फोन आला. मी हे सगळं, वर आहे तिथपर्यंत, लिहून काढलं. लिहिल्यावर हलकं वाटलं. मुलगी ईशा शनिवारी आली होती. ती इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, वाचायला अडखळते, उत्तर इंग्रजीत देते. तिला मी मोठ्याने वाचून दाखवलं. मनातून वाटत होतं की ती म्हणेल, बाबा, किती धीराने लिहिलंत.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, हू इज धिस फॉर?"

"मंडळाच्या अंकासाठी."

"मार्गरेट कान्ट रीड इट."

मी कागद खाली ठेवले.

"सो यू आर टेलिंग एव्हरीवन एक्सेप्ट हर," ईशा म्हणाली.

तीस वर्षांत माझ्या कामावर कुणी इतकं नेमकं बोट ठेवलं नव्हतं. मुस्योने आपली कबुली अशा भाषेत लिहिली जी त्याच्या गावात कुणी वाचणार नव्हतं. मी तेच करत होतो, वर दिवाळीचा मुहूर्त गाठून. ईशाने लॅपटॉप ओढला आणि म्हणाली, "रीड इट अगेन. स्लोली." ठपका म्हणजे काय, भानगड म्हणजे काय, असं विचारत विचारत तिने सगळं इंग्रजीत उतरवलं. शुभदा स्वयंपाकघरात भांडी लावत होती, तिथून मधेच एखादा शब्द सुचवत होती.

दुसऱ्या दिवशी ईशा आणि मी गेलो. मी मार्गरेटच्या हातात कागद दिले आणि म्हणालो, हे मी लिहिलंय, माझ्यासमोर वाच. ती खिडकीशी उभी राहून वाचायला लागली, त्याच खिडकीशी. किटली उकळून बंद झाली. ईशाने माझा हात धरला होता.

वाचून झाल्यावर तिने कागद घडी घातले.

"कॉलिनने मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी, संध्याकाळी जेवताना. म्हणाला, आज त्या इंजिनिअरला दगडांचं सांगितलं. भला माणूस आहे. लिहून घेतलं त्याने वहीत."

मी खिडकीबाहेरच्या नव्या पुलाकडे पाहिलं.

"मी इतकी वर्षं समजत होते, तू लिहिलंस आणि वरच्या कुणीतरी ते खोडलं. म्हणून तुला यायला लाज वाटत नाही. बाकी कुणी आलंच नाही रे, अरुण. तू एकटाच यायचास."

सात बरण्या जॅम मला त्यासाठी मिळाला होता.

"मी लिहिलं नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी मी फक्त दगडांची उंची लिहिली. मला माफ कर."

ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. कागदांची घडी तिने टेबलावर ठेवली आणि त्यावर तळहात ठेवून उभी राहिली. "आता लिहिलंस," ती म्हणाली.

चहा झाला नाही. दारापर्यंत ती आली. या वेळी तिच्या हातात बरणी नव्हती. आम्ही गाडीत बसत होतो तेव्हा ती मागून म्हणाली, "रिकाम्या बरण्या आणून दे. यंदाच्या जॅमला कमी पडतील."

त्या रिकाम्या नाहीत हे सांगायचा धीर मला झाला नाही. घरी आल्यावर मी गराजमधून पहिली बरणी आणली, झाकण गरम पाण्याखाली धरून सोडवलं आणि पोळीला लावून बसलो. जॅम चांगला आहे. शुभदाही समोर बसून खाते. अजून सहा बरण्या आहेत.